‘तुम्ही’ म्हणजे ‘तुम’ नव्हे : मराठी माणसाने हिंदी सर्वनामं कशी शिकावीत

भोपाळला बदली झाली तेव्हा मला हिंदी येत होती. म्हणजे मी तसं धरून चालले होते. शाळेत हिंदी होती, मालिका कळायच्या, लिपी तीच. वेगळं शिकायचं ते काय? बँकेच्या काउंटरवर बसले त्याच आठवड्यात सत्तरीचे एक गृहस्थ पासबुक घेऊन आले. मी अगदी आदबीनं म्हणाले, “तुम बैठो, मैं देखती हूँ.” मनातलं वाक्य होतं, ‘तुम्ही बसा, मी बघते.’ ते बसले नाहीत. पासबुक पुढे सरकवून शांतपणे म्हणाले, “बेटी, तुम्हारे पिताजी की उम्र का हूँ.” मला वाटलं, कौतुकानं काहीतरी म्हणतायत. मी छान हसले. दुपारी डबा खाताना शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी समजावलं, तेव्हा घास घशात अडकला.

गंमत अशी की त्यांनी मला ‘तुम्हारे’ म्हटलं ते बरोबर होतं आणि मी त्यांना ‘तुम’ म्हटलं ते चूक. शब्द एकच, फक्त दिशा वेगळी.

आता माझी भाची नोकरीसाठी तिकडे गेलीय आणि दर दोन दिवसांनी तिचा फोन येतो : “मावशी, इथे ‘मुझे’ की ‘मुझसे’?” तिला जे तुकड्या-तुकड्यांनी सांगत गेले तेच इथे सलग लिहिते आहे. मराठी व्याकरणात मूळ सर्वनामं ९ मानतात : मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. हिंदीत परंपरेनं ११ मोजतात : मैं, तू, आप, यह, वह, सो, जो, कोई, कुछ, कौन, क्या. यातलं ‘सो’ आता ‘जो हुआ सो हुआ’ अशा ठरीव बोलण्यातच उरलंय, ते सोडून द्या. राहिले दहा शब्द. ते पाठ करायला एक संध्याकाळ पुरते. पण त्यातले निम्मे आपल्या शब्दांसारखे दिसतात आणि तिथेच आपण आपलं मराठी व्याकरण त्यांच्या अंगावर चढवतो. म्हणून सगळं पहिल्यापासून शिकत बसू नका. रस्ता जिथे फुटतो तेवढ्या जागा पक्क्या करा.

तू, तुम, आप

मराठीत दोन पायऱ्या आहेत, तू आणि तुम्ही. ‘आपण’ ही तिसरी आहे, पण ती भाषणात आणि आमंत्रणपत्रिकेत. हिंदीत तिन्ही पायऱ्या रोजच्या वापरातल्या आहेत, आणि त्या आपल्यापेक्षा एक घर सरकलेल्या आहेत. आपला ‘तू’ हिंदीत बहुतेक वेळा ‘तुम’ होतो : मैत्रीण, धाकटा भाऊ, बरोबरीचा सहकारी. आपला आदराचा ‘तुम्ही’ हिंदीत ‘आप’ होतो, नेहमी. मग हिंदीतला ‘तू’ कुणासाठी? देवासाठी, तान्ह्या बाळासाठी, जिवलग मित्रासाठी, आणि भांडणासाठी. नवख्यानं पहिले सहा महिने तो तोंडातून काढूच नये. प्रेमाचा ‘तू’ आणि अपमानाचा ‘तू’ यांत फरक फक्त सुराचा असतो, आणि परक्या भाषेतला सूर सगळ्यात शेवटी हाती लागतो.

शंका आली की ‘आप’. रिक्षावाला, शिपाई, दुकानातला पोरगा, साहेब, सगळ्यांना ‘आप’. जास्त आदर दाखवल्याबद्दल माझ्यावर आजवर कुणी रागावलेलं नाही.

सर्वनाम बदललं की क्रियापदाचं शेपूट बदलतं, म्हणून ही जोडी एकत्रच पाठ करा, सुटी नको :

मैं हूँ
हम हैं
तू है
तुम हो
आप हैं
यह है, वह है
ये हैं, वे हैं

आज्ञा करताना तू बैठ, तुम बैठो, आप बैठिए. ‘आप बैठो’ असं धेडगुजरी तुम्हांला सर्रास ऐकू येईल. त्यात वावगं कुणाला वाटत नाही, तरी शिकताना ‘बैठिए’च धरा, ढिलाई नंतर आपोआप येते.

इथे एक खास आपली चूक. मराठीत ‘तुम्ही कधी आलात?’ हे बाईलाही चालतं, पुरुषालाही. हिंदीत ‘आप’ला लिंग लागतं : पुरुषाला ‘आप कब आए?’, बाईला ‘आप कब आईं?’ तसंच ‘आप जाते हैं’ आणि ‘आप जाती हैं’. आमच्या शाखेच्या व्यवस्थापक बाई होत्या. मी महिनाभर रोज सकाळी त्यांना “मॅडम, आप कब आए?” विचारत होते आणि त्या रोज सरळ चेहऱ्यानं उत्तर देत होत्या.

मैं आणि हम

‘मैं’चा उच्चार आपण ‘मइं’ करतो, कारण मराठीतला ऐ ‘अइ’ आहे. हिंदीत तो ‘बॅट’मधल्या ॲसारखा, शेवटी नाकातून : मॅं. ‘है’सुद्धा ‘हॅ’च्या जवळ. आणि ‘में’ हा वेगळा शब्द, म्हणजे ‘मध्ये’. लिहिताना एका मात्रेचा फरक असतो, म्हणून ‘मैं घर में हूँ’ हे वाक्य दहा वेळा मोठ्यानं म्हणा. तोंडात बसलं की हातातही बसतं.

‘हम’मध्ये आपल्याला एक गोष्ट गमवावी लागते. मराठीत ‘आम्ही जेवायला चाललो’ म्हटलं की समोरचा समजतो, आपल्याला बोलावणं नाही. ‘आपण जेवायला जाऊ’ म्हटलं की तो चपला घालतो. प्रमाण हिंदीत दोन्हीला ‘हम’. भोपाळकडे बोलताना ‘अपन चलते हैं’ म्हणतात, तेव्हा माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटतं. पण ते लिहिण्यात चालत नाही. तेव्हा सोबत घ्यायचं असेल तर ‘हम सब चलें?’ म्हणा, नाहीतर सरळ ‘आप भी चलिए’. आणि उत्तर प्रदेश-बिहारकडचा माणूस एकटाच उभा राहून ‘हम आ रहे हैं’ म्हणाला तर त्याच्यामागे कोण आहे ते शोधू नका. तिथे ‘हम’ म्हणजे ‘मी’ही असतो.

‘आपण’ ऐकून ‘आप’ आठवला तर थांबा. आप म्हणजे समोरचा माणूस. त्यात तुम्ही स्वतः नाही.

तो, ती, ते : तिघांना एकच

‘यह’ म्हणजे हा, ही, हे. ‘वह’ म्हणजे तो, ती, ते. बोलताना यह चा ‘ये’ होतो आणि वह चा ‘वो’. पुस्तकी ‘वह’ स्पष्ट उच्चारत राहिलात तर बातम्या वाचताय असं वाटेल.

सर्वनामात लिंग नसल्यामुळे ते क्रियापदात शोधायचं : वह जाता है, वह जाती है. पण ‘उसने कहा’मध्ये तेही नाही. सहकारी बाई एकदा मला कुणाची तरी तक्रार सांगत होत्या : उसने कहा, उसको फोन किया, उसका जवाब नहीं आया. पाच मिनिटं मी मान डोलावत होते आणि मनात एका मिशीवाल्या माणसाचं चित्र रंगवत होते. शेवटी त्या म्हणाल्या, “फिर वो चली गई.” मिशी गळून पडली. यावर उपाय नाही. ऐकताना क्रियापदाची वाट बघायची सवय लावा आणि बोलताना सुरुवातीलाच नाव किंवा नातं सांगून टाका.

हिंदीत नपुंसकलिंगही नाही. आपली ‘ते’वाली सगळी नामं तिकडे पुल्लिंगात किंवा स्त्रीलिंगात वाटली गेली आहेत. माझं घर, पण मेरा घर. माझं पुस्तक, पण मेरी पुस्तक किंवा मेरी किताब. मेरा-मेरी-मेरे हे माझा-माझी-माझे सारखंच वस्तूकडे बघून बदलतं, बोलणाऱ्याकडे बघून नाही. हा नियम आपल्याला फुकट मिळतो. शब्दाचं लिंग मात्र शब्दाबरोबरच शिकावं लागतं, त्याला आडवाट नाही. मी वहीत नुसतं ‘किताब’ लिहीत नसे, ‘मेरी किताब’ लिहायचे.

आदराचं अनेकवचन आपल्याकडेही आहे : बाबा आले, ते दमलेत. हिंदीत पिताजी आए हैं, वे थक गए हैं. इथवर ठीक. अडतं ते आईपाशी. आपण आईला ‘अगं’ म्हणतो, ‘ती दमली’ म्हणतो, त्यातच माया असते. म्हणून मी घरमालकिणीला सांगितलं, “मेरी माँ आई है, वह थक गई है.” त्यांनी चहा पाठवला आणि निरोपात वाक्य दुरुस्त करून पाठवलं : “माँजी आई हैं, थक गई हैं.” तिकडे आईलाही आदराचं अनेकवचन लावतात : माँ आई हैं, उन्होंने कहा, उनका सामान. निदान चारचौघांत तरी. माझी आई हे ऐकून खूश झाली आणि परत घरी आल्यावर आठवडाभर स्वतःला ‘माँजी आई हैं’ म्हणवून घेत होती.

‘ने’ : इथे बसून वेळ घालवा

बाकी सगळं महिन्यात जमतं. ‘ने’ वर्षभर पिडतो. कारण मराठीत ‘ने’ आहे, पण अर्धाच : त्याने, तिने, त्यांनी. मी, तू, आम्ही, तुम्ही यांना आपण तो लावतच नाही. ‘मी पत्र लिहिलं.’ मग तोंडातून निघतं, ‘मैं चिट्ठी लिखी.’ हिंदीत भूतकाळात कर्म घेणाऱ्या क्रियापदाबरोबर सगळ्यांना ‘ने’ लागतो : मैंने, हमने, तूने, तुमने, आपने, इसने, उसने, किसने, जिसने. आणि आदरार्थी किंवा अनेकवचनी इन्होंने, उन्होंने. भोपाळकडे ‘उनने’ ऐकू येईल. ऐका, लिहू नका.

क्रियापद कर्माप्रमाणे चालतं हे आपल्याला ठाऊकच आहे : मी दरवाजा उघडला, मी खिडकी उघडली; मैंने दरवाज़ा खोला, मैंने खिड़की खोली. कर्माला ‘को’ लागला की आपलं ‘पाहिलं’ होतं तसं हिंदीत पुल्लिंगी एकवचन : उसने लड़की को देखा. उत्तरेबाहेरच्या पुष्कळांना हा भाग कठीण जातो. आपल्याला नाही. फक्त ‘मैं’ला ‘ने’ चिकटवायचा आहे.

खरी मेख पुढे आहे. काही क्रियापदांना मराठीत ‘ने’ नाही पण हिंदीत आहे, आणि काहींचं उलटं. ही यादी मी काउंटरच्या काचेला आतून चिकटवली होती :

तो म्हणाला : उसने कहा
ती शिकली : उसने सीखा
तो पाणी प्याला : उसने पानी पिया
तो जेवला : उसने खाना खाया

आणि उलट्या बाजूला एकच, पण रोज लागणारं : त्याने पुस्तक आणलं, वह किताब लाया. ‘लाना’ला कर्म असूनही ‘ने’ लागत नाही. ‘बोलना’ आणि ‘भूलना’ही साधारणपणे ‘ने’ घेत नाहीत, पण तिथे आपणही ‘तो बोलला’, ‘तो विसरला’ म्हणतो, म्हणून चूक होत नाही. ‘वह बोला’ आणि ‘उसने कहा’ ही जोडी मात्र शेजारी ठेवून घोटा.

लिहिताना अनुस्वार सांभाळा. ‘मैंने’चा मैंवर, ‘उन्होंने’चा हों वर. आणखी एक : हिंदीत सर्वनामाला प्रत्यय चिकटतो, नामाला सुटा राहतो. उसने, मुझसे, हमको. पण लड़के ने, लड़के से. मराठीत आपण सगळंच चिकटवतो, त्यामुळे माझ्या सुरुवातीच्या पत्रांत ‘ग्राहकने’ होतं. दोन प्रत्यय आले तर पहिला चिकटतो, दुसरा सुटा : उसके लिए, इनमें से.

मला, त्याला

मला म्हणजे मुझे, तुला म्हणजे तुझे, त्याला-तिला म्हणजे उसे, आम्हांला हमें, तुम्हांला तुम्हें किंवा आपको, त्यांना उन्हें. मुझको, उसको, उनको हेही बरोबर. ‘मेरे को’, ‘तेरे को’ मुंबईत आणि इतरही ठिकाणी चालतं, मुलाखतीत किंवा अर्जात नाही. मला पाहिजे : मुझे चाहिए. मला जायचंय : मुझे जाना है. मला ताप आहे : मुझे बुखार है. इतकं सरळ की माणूस गाफील होतो.

मग येतं ‘मी त्याला भेटलो’, आणि आपण म्हणतो ‘मैं उसको मिला’. हिंदीत भेटणं, विचारणं आणि म्हणणं ‘से’नं होतं : मैं उससे मिला, मैंने उससे पूछा, मैंने उससे कहा. पण सांगणं ‘को’नं : मैंने उसे बताया. मदत ‘का-की’नं : त्याला मदत केली, उसकी मदद की. नातेवाईक आणि वस्तू यांतही फरक आहे. मला दोन भाऊ आहेत : मेरे दो भाई हैं. माझ्याकडे किल्ली आहे : मेरे पास चाबी है. ‘मुझे दो भाई हैं’ म्हणालात तर ते भाऊ तापासारखे वाटतील.

भाचीचा ‘मुझे की मुझसे’ हा प्रश्न इथलाच होता. तिला मी सांगितलं, प्रत्यय सर्वनामाबरोबर पाठ करू नकोस, क्रियापदाबरोबर कर. ‘पूछना’ असं न लिहिता ‘किसी से पूछना’. ‘मिलना’ नाही, ‘किसी से मिलना’.

अपना

मराठीत मी माझं पुस्तक वाचते, तू तुझं वाचतोस, तो त्याचं वाचतो. हिंदीत वाक्याचा कर्ता आणि वस्तूचा मालक एकच असेल तर सगळ्यांना ‘अपना’ : मैं अपनी किताब पढ़ती हूँ, तुम अपनी पढ़ो, वह अपनी पढ़ता है. ‘मैं मेरी किताब पढ़ती हूँ’ म्हटलं तर अर्थ कळतो, फक्त कानाला खटकतं. तिसऱ्या पुरुषात मात्र अर्थच पालटतो. ‘वह अपने घर गया’ म्हणजे स्वतःच्या घरी. ‘वह उसके घर गया’ म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या तरी. एका सहकाऱ्याची चौकशी करायला त्याच्या बायकोचा फोन आला होता, तेव्हा मी “वो उसके घर गए” असं सांगून मोकळी झाले होते. पलीकडे जी शांतता पसरली तिच्यामुळे हा नियम मी जन्मात विसरणार नाही.

स्वतः म्हणजे खुद, आपोआप म्हणजे अपने आप, आपसात म्हणजे आपस में. याहून जास्त सध्या लागत नाही.

उरलेले

कोण-कौन, काय-क्या, कोणी-कोई, काही-कुछ, जो-जो. प्रत्यय लागला की बहुतेकांचं मधलं रूप एकाच साच्यातून निघतं : जवळचं इस-इन, लांबचं उस-उन, प्रश्नाचं किस-किन, संबंधाचं जिस-जिन. इ, उ, कि, जि एवढं लक्षात ठेवा, बाकी प्रत्यय लावत सुटा. कोई चं किसी होतं. कोणाला? किसे? कोणाला तरी : किसी को. जो-तो, ज्याने-त्याने ही जोडी आपल्याकडे आहेच : जो आया वह बैठा, जिसने पूछा उसने जाना.

‘का’ तेवढा सांभाळा. आपण प्रश्नाच्या शेवटी ‘का’ लावतो : तुम्ही येता का? हिंदी ‘क्या’ पुढे येतो : क्या आप आ रहे हैं? हिंदीत ‘का’ म्हणजे आपला ‘चा’, तो शेवटी ठेवलात तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत बसेल.

सराव कसा करायचा

तक्ते पाठ करून मला काही आलं नाही. आलं ते असं : रात्री, दिवसभरात मराठीतून बोललेली पाच वाक्यं आठवायची, ती हिंदीत लिहायची, आणि प्रत्येक सर्वनामाखाली रेघ मारून तीन प्रश्न विचारायचे. समोर कोण होतं? काम घडून गेलंय का आणि त्याला कर्म आहे का? वस्तू कर्त्याचीच आहे का? पहिल्या प्रश्नानं तुम-आप सुटतं, दुसऱ्यानं ‘ने’, तिसऱ्यानं ‘अपना’. दुसऱ्या दिवशी ती वाक्यं हिंदी बोलणाऱ्या एखाद्या माणसासमोर म्हणायची. फोनवर भाषांतर करून घेऊ नका. ते उत्तर देतं, पण तुम्ही कुठे चुकलात ते तुम्हांला कळत नाही.

भाचीला दिलेली पहिली पाच वाक्यं ही. आधी स्वतः लिहा, मग खाली बघा.

१. आजी, तुम्ही कधी आलात?
२. मी त्याला विचारलं.
३. तिने तिची पिशवी आणली.
४. ते (सर) म्हणाले, आपण उद्या भेटू.
५. तुला कोणी सांगितलं? (मैत्रिणीला)

उत्तरं : दादीजी, आप कब आईं? मैंने उससे पूछा. वह अपना थैला लाई. उन्होंने कहा, हम कल मिलेंगे. तुम्हें किसने बताया?

तिसऱ्यात भाचीनं ‘उसने अपनी थैला लाई’ लिहिलं होतं. थैला पुल्लिंगी, म्हणून ‘अपना’; आणि ‘लाना’ला ‘ने’ नाही, म्हणून ‘लाई’ थैल्याप्रमाणे नाही, तिच्याप्रमाणे. चौथ्यात तिनं ‘आप कल मिलेंगे’ लिहून सरांना एकट्यालाच भेटायला पाठवून दिलं.